नळीतील वायुप्रवाह आणि अभिसरणी उष्णता संक्रमण

नळीची भिंत आणि तिच्यातून वाहणारा वायू यांच्या तापमानांत फरक असल्यास वायूच्या वाहण्यामुळे त्यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण होते. या देवाणघेवाणीला नळीतील वायुप्रवाहाचे अभिसरणी उष्णता संक्रमण म्हणतात. प्रवाह पंख्याने, दाबयंत्राने किंवा चिमणीच्या ओढीने घडवून आणलेला असल्यामुळे हे प्रेरित अभिसरण होय. धूम्रनळी बॉयलर, हवा तापवणारी उपकरणे, रासायनिक कारखान्यांतील उष्णता-विनिमयक आणि वाळवणी यंत्रे यांच्या आराखड्यात या संक्रमणाचे गणित करावे लागते.

गणिताचा गाभा एका राशीत आहे, ती म्हणजे उष्णता संक्रमण गुणांक. भिंतीच्या दर चौरस मीटरमागे आणि तापमानफरकाच्या दर अंशामागे किती वॅट उष्णता जाते, हे तो सांगतो. पाण्यासाठी हा गुणांक हजारांत असतो, तर साधारण दाबाच्या वायूसाठी तो बहुधा १० ते १०० च्या दरम्यान असतो. त्यामुळे एका बाजूला वायू आणि दुसऱ्या बाजूला पाणी किंवा वाफ असलेल्या उपकरणाचा आकार जवळजवळ पूर्णपणे वायूची बाजू ठरवते, आणि तिथला गुणांक चुकला तर संपूर्ण आराखडा चुकतो.

मूळ संकल्पना

वाहत्या वायूचा भिंतीला टेकलेला थर स्थिर असतो. या थरातून उष्णता केवळ वहनाने जाऊ शकते, आणि वायू हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. ५० अंश सेल्सियसच्या हवेची उष्णता संवाहकता सुमारे ०.०२८ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. पाण्याची संवाहकता तिच्या वीसपटींहून अधिक आहे. भिंतीलगतचा हा सीमास्तर जितका पातळ, तितका गुणांक मोठा. वेग वाढवणे, व्यास कमी करणे, नळीत पिळदार पट्टी बसवणे हे सर्व उपाय अखेर सीमास्तर पातळ करण्याचेच आहेत.

नळीच्या एखाद्या छेदात वायूचे तापमान सर्वत्र सारखे नसते. गणितात वापरले जाणारे तापमान म्हणजे त्या छेदातून जाणारा सर्व वायू एका भांड्यात ढवळला तर जे येईल ते. त्याला मिश्र तापमान म्हणतात. मध्यरेषेवर तापमापी ठेवून मिळालेले वाचन हे मिश्र तापमान नव्हे, आणि प्रयोगशाळेतील अनेक विसंगत निष्कर्षांचे मूळ या गल्लतीत असते.

परिमाणरहित अंक

गुणांक थेट न काढता तो तीन परिमाणरहित अंकांतून काढतात.

रेनल्ड्स अंक (पुढे रे) म्हणजे जडत्वाचे श्यानतेशी असलेले प्रमाण. वर्तुळाकार नळीसाठी तो वस्तुमान-प्रवाहावरून काढणे सोयीचे असते:

रे = ४ × वस्तुमान-प्रवाह ÷ (पाय × व्यास × श्यानता)

या सूत्रात घनता येत नाही, हे वायूंच्या बाबतीत फार उपयोगी ठरते. वायू तापला की तो प्रसरण पावतो आणि त्याचा वेग वाढतो, पण वस्तुमान-प्रवाह नळीभर तोच राहतो.

प्रांट्ल अंक (प्रां) हा केवळ वायूचा गुणधर्म आहे: विशिष्ट उष्माधारकता × श्यानता ÷ संवाहकता. हवा, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि बहुतेक ज्वलनवायूंसाठी तो ०.७ च्या आसपास असतो व तापमानाबरोबर फारसा बदलत नाही. तेलांचा प्रांट्ल अंक शेकड्यांत किंवा हजारांत जातो. वायूंचे गणित द्रवांपेक्षा सोपे वाटण्याचे हे एक कारण.

नुसेल्ट अंक (नु) म्हणजे गुणांक × व्यास ÷ संवाहकता. रे आणि प्रां यांवरून नु काढायचा आणि नु वरून गुणांक, अशी ही वाट आहे.

स्तरीय प्रवाह

रे सुमारे २,३०० पेक्षा कमी असताना वायू एकमेकांत न मिसळणाऱ्या थरांनी वाहतो. प्रवाह पूर्ण विकसित झाल्यावर नु स्थिर राहतो. भिंतीचे तापमान सर्वत्र सारखे असल्यास तो ३.६६, आणि भिंतीतून येणारा उष्णतेचा ओघ सर्वत्र सारखा असल्यास ४.३६. वेग दुप्पट केला तरी या मूल्यांत फरक पडत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्यांदा चमत्कारिक वाटते.

मात्र ‘पूर्ण विकसित’ ही अट विसरून चालत नाही. स्तरीय प्रवाहात तापमानाची रचना विकसित होण्यास साधारण ०.०५ × रे × प्रां × व्यास इतकी लांबी लागते. नळी तेवढीच किंवा त्याहून आखूड असेल, तर सरासरी नु ३.६६ पेक्षा मोठा येतो आणि हाउझेनचे सूत्र वापरावे लागते:

नु = ३.६६ + ०.०६६८ ग्रे ÷ (१ + ०.०४ ग्रे^०.६७)

यात ग्रे हा ग्रेट्झ अंक, म्हणजे रे × प्रां × व्यास ÷ लांबी.

संक्षुब्ध प्रवाह

रे सुमारे १०,००० च्या वर गेला की प्रवाह पूर्णपणे संक्षुब्ध होतो. भोवरे मध्यातील वायू भिंतीकडे आणतात आणि भिंतीजवळचा मध्याकडे नेतात, त्यामुळे गुणांक एकदम वाढतो. यासाठी सर्वांत परिचित सूत्र डिटस-बोल्टर यांचे आहे:

नु = ०.०२३ × रे^०.८ × प्रां^०.४

वायू तापत असताना प्रांट्ल अंकाचा घातांक ०.४ आणि थंड होत असताना ०.३ धरतात. सूत्र सुटसुटीत असले तरी त्याची अचूकता सुमारे ±२५ टक्केच आहे. आज अधिक विश्वासार्ह मानले जाणारे सूत्र ग्निलिन्स्की यांचे:

नु = (घ/८) × (रे − १०००) × प्रां ÷ [१ + १२.७ × (घ/८)^०.५ × (प्रां^०.६७ − १)]

यात घ हा नळीचा घर्षण गुणांक असून गुळगुळीत नळीसाठी घ = (०.७९ × लॉग रे − १.६४)^−२. येथे लॉग नैसर्गिक, म्हणजे ई या पायाचा आहे. ०.६७ हे २/३ या घातांकाचे संक्षिप्त रूप आहे. हे सूत्र रे ३,००० पासून पन्नास लाखांपर्यंत चालते आणि त्यातील चूक सहसा १० टक्क्यांच्या आत राहते. २,३०० ते ३,००० हा पट्टा खऱ्या अर्थाने अनिश्चित आहे. प्रवाह कधी स्तरीय तर कधी संक्षुब्ध असतो, आणि शक्य असल्यास आराखडा त्या पट्ट्यात ठेवू नये.

सोडवलेले उदाहरण

पनवेल तालुक्यातील रोडपाली आणि कळंबोलीला लागून तळोजा औद्योगिक क्षेत्र आहे. तिथल्यासारख्या रासायनिक कारखान्यात उत्पादन वाळवण्यासाठी गरम हवा लागते. समजा, ५० मिलिमीटर आतील व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या नळीतून दर सेकंदाला ०.०२ किलोग्रॅम हवा जाते. हवा ३० अंशांना आत येते. नळीबाहेर वातावरणीय दाबाची वाफ सांद्रित होत आहे. सांद्रित होणाऱ्या वाफेचा गुणांक हजारांत असल्याने नळीची भिंत १०० अंशांना आहे असे धरता येते. हवा किती अंशांना बाहेर पडेल?

हवेचे गुणधर्म तिच्या सरासरी मिश्र तापमानाला घ्यायचे असतात, पण बाहेर पडण्याचे तापमान अजून माहीत नाही. म्हणून अंदाजाने सुरुवात करतात. सरासरी ५० अंश धरल्यास श्यानता १.९५५ × १०^−५ पास्कल-सेकंद, संवाहकता ०.०२८, विशिष्ट उष्माधारकता १,००८ जूल प्रति किलोग्रॅम-केल्विन आणि प्रां ०.७०४.

रे = ४ × ०.०२ ÷ (३.१४१६ × ०.०५ × १.९५५ × १०^−५) = सुमारे २६,०५०. प्रवाह संक्षुब्ध आहे.

डिटस-बोल्टर सूत्राने नु ६८.१ आणि गुणांक ३८.२ येतो. ग्निलिन्स्की सूत्रात घ = ०.०२४५, नु = ६३.२ आणि गुणांक = ६३.२ × ०.०२८ ÷ ०.०५ = ३५.४ वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन. दोन्हींत सुमारे ७ टक्के फरक आहे.

हवा पुढे जाईल तसा भिंतीशी तिचा तापमानफरक कमी होत जातो. भिंतीचे तापमान स्थिर असल्यास ही घट घातांकी असते:

(भिंत − बाहेरील तापमान) ÷ (भिंत − आतील तापमान) = ई^−(गुणांक × क्षेत्रफळ ÷ (वस्तुमान-प्रवाह × उष्माधारकता))

नळीचे क्षेत्रफळ ०.४७१ चौरस मीटर, तर वस्तुमान-प्रवाह × उष्माधारकता = २०.१६ वॅट प्रति केल्विन. घातांक ०.८२७ आणि गुणोत्तर ०.४३७. म्हणून भिंतीशी उरलेला फरक ७० × ०.४३७ = ३०.६ अंश, आणि हवा ६९.४ अंशांना बाहेर पडते. सरासरी ४९.७ अंश आली, म्हणजे ५० चा अंदाज योग्य होता. तसे नसते तर नव्या सरासरीला गुणधर्म घेऊन गणित पुन्हा करावे लागले असते. हवेला मिळालेली उष्णता २०.१६ × ३९.४ = सुमारे ७९४ वॅट.

डिटस-बोल्टरच्या गुणांकाने तापमान ७१.३ अंश आले असते. गुणांकातील ७ टक्क्यांचा फरक अखेरच्या उत्तरात केवळ २ अंशांचा राहतो. याउलट, तापमानफरक सर्वत्र सुरुवातीइतकाच ७० अंश धरण्याची चूक केली, तर उष्णता १,१६८ वॅट येते, म्हणजे प्रत्यक्षाहून ४७ टक्के अधिक. योग्य सरासरी ही लघुगणकी असते. येथे ती ४७.६ अंश आहे. परीक्षेत आणि प्रत्यक्षात सूत्राच्या निवडीपेक्षा ही चूक कितीतरी महाग पडते.

दोन दुरुस्त्या अजून बाकी आहेत. नळीच्या तोंडाजवळ सीमास्तर पातळ असल्याने सरासरी गुणांक थोडा वाढतो. त्यासाठी १ + (व्यास ÷ लांबी)^०.६७ ने गुणतात, आणि येथे तो गुणक १.०६५ आहे. दुसरी दुरुस्ती भिंत व हवा यांच्या तापमानांतील फरकामुळे येणारी. तिचा गुणक ०.९४ आहे आणि तिचे कारण पुढील विभागात दिले आहे. या उदाहरणात दोन्ही जवळजवळ एकमेकींना रद्द करतात. हा योगायोग आहे, नियम नव्हे.

पावसाळ्यातील कोकणची हवा कोरडी नसते. ३० अंशांच्या संपृक्त हवेत दर किलोग्रॅम कोरड्या हवेमागे सुमारे २७ ग्रॅम बाष्प असते. त्यामुळे उष्माधारकता दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. सूत्राच्या स्वतःच्या अनिश्चिततेपुढे हा फरक लहान असल्याने वर तो सोडून दिला आहे. वाळवणीच्या गणितात मात्र तेच बाष्प मोजावे लागते, कारण तिथे हवा आणखी किती पाणी उचलू शकेल हाच प्रश्न असतो.

आता पंखा मंदावून प्रवाह विसाव्या हिश्शावर, ०.००१ किलोग्रॅम प्रति सेकंदावर आला असे समजू. रे सुमारे १,३०० होतो आणि प्रवाह स्तरीय. ३.६६ धरल्यास गुणांक केवळ २.०५ येतो. पण या प्रवाहाची विकासलांबी सुमारे २.३ मीटर, म्हणजे नळीच्या लांबीचा मोठा भाग आहे. हाउझेनच्या सूत्राने नु ४.५ आणि गुणांक २.५ मिळतो. सवयीने येथेही डिटस-बोल्टर सूत्र वापरले तर ३.५ येतात, आणि हे उत्तर कोणत्याही अर्थाने बरोबर नाही.

वायूंचे वेगळेपण

द्रव तापला की पातळ होतो, त्याची श्यानता घटते. वायूंचे उलट आहे. वायूतील श्यानता रेणूंच्या एका थरातून दुसऱ्या थरात जाण्याने निर्माण होते, आणि तापमानाबरोबर रेणूंचा वेग वाढत असल्याने श्यानताही वाढते. ३०० केल्विनला हवेची श्यानता १.८५ × १०^−५ आहे, तर ६०० केल्विनला ३.०६ × १०^−५. त्यामुळे तोच वस्तुमान-प्रवाह तापल्यावर रेनल्ड्स अंक घटतो. नळीच्या सुरुवातीला संक्षुब्ध असलेला प्रवाह पुढे जाऊन संक्रमण-पट्ट्यात शिरू शकतो.

भिंत वायूपेक्षा बरीच गरम असेल तर भिंतीलगतचा वायू अधिक श्यान आणि विरळ होतो, आणि गुणांक सरासरी गुणधर्मांवरून काढलेल्या मूल्यापेक्षा कमी भरतो. यासाठी गुणांकाला (वायूचे तापमान ÷ भिंतीचे तापमान)^०.४५ ने गुणतात. तापमाने केल्विनमध्येच घ्यावी लागतात. वरील उदाहरणात (३२३ ÷ ३७३)^०.४५ = ०.९४. वायू थंड होत असेल तर ही दुरुस्ती सहसा करत नाहीत. द्रवांसाठी असलेली सीडर-टेट यांची श्यानता-दुरुस्ती वायूंना लावणे अयोग्य आहे.

दाबाचा परिणामही विचार करण्याजोगा आहे. वायूची श्यानता, संवाहकता आणि उष्माधारकता मध्यम दाबांपर्यंत दाबावर जवळजवळ अवलंबून नसतात. म्हणून वस्तुमान-प्रवाह तोच ठेवून दाब दुप्पट केला तर गुणांक बदलत नाही, फक्त वेग निम्मा होतो. वेग तोच ठेवून दाब दुप्पट केला, तर घनतेमुळे वस्तुमान-प्रवाह दुप्पट होतो आणि गुणांक २^०.८, म्हणजे सुमारे १.७४ पट होतो.

प्रत्येक सुधारणेची किंमत पंख्याच्या विजेत मोजावी लागते. वस्तुमान-प्रवाह तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केल्यास गुणांक सुमारे साडेतीन पट होतो, पण दर मीटरमागील दाबघट सुमारे २८ पट. वरील उदाहरणात दाबघट जेमतेम ७० पास्कल होती, म्हणून तिची चर्चा करावी लागली नाही.

वेग ध्वनिवेगाच्या सुमारे तीन दशांशांहून जास्त झाल्यास वायूची संपीड्यता आणि घर्षणाने निर्माण होणारी उष्णता विचारात घ्यावी लागते. मग वरील सूत्रांतील वायूच्या तापमानाऐवजी पुनःप्राप्त तापमान वापरतात. कारखान्यांतील नळ्यांत असा प्रसंग क्वचितच येतो.

धूम्रनळी बॉयलर

नळीतून वायू आणि बाहेर पाणी अशी रचना धूम्रनळी बॉयलरमध्ये असते. मध्यम क्षमतेच्या प्रक्रिया-उद्योगांत हा बॉयलर सर्वत्र दिसतो. ज्वालेजवळच्या मोठ्या नळीत उष्णता मुख्यतः प्रारणाने जाते. त्यानंतरच्या फेऱ्यांत धूर अनेक बारीक नळ्यांतून जातो, आणि तिथे या लेखातील सूत्रे लागू पडतात. त्या फेऱ्यांतही उष्ण धुरातील कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प अवरक्त प्रारण सोडतात, म्हणून त्यांचा हिस्सा वेगळा मिळवावा लागतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन असे प्रारण करत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेच्या गणितात हा प्रश्न येत नाही.

धुराचा गुणांक ५०, उकळत्या पाण्याचा ५,००० आणि नळीची जाडी ३ मिलिमीटर धरू. पोलादाची संवाहकता ४५ आहे. तिन्ही रोध अनुक्रमे ०.०२, ०.०००२ आणि ०.००००७ येतात. एकूण रोधाचा जवळजवळ ९९ टक्के भाग धुराच्या बाजूला आहे. पाण्याची बाजू दुप्पट चांगली केली तरी लाभ अर्धा टक्का, पण धुराची बाजू दुप्पट चांगली केली तर एकूण गुणांक जवळजवळ दुप्पट होतो. नळ्यांत पिळदार पट्ट्या घालण्याचे कारण हेच.

याच गणितातून काजळीची हानी कळते. काजळीची संवाहकता ०.१ धरल्यास तिचा एक मिलिमीटर थर ०.०१ इतका रोध निर्माण करतो. एकूण गुणांक ४९ वरून ३३ वर येतो. न शोषलेली उष्णता चिमणीतून जाते, आणि चिमणीतील धुराचे तापमान दर २० ते २२ अंशांनी वाढले की बॉयलरची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने घटते असा ढोबळ नियम आहे. अनुभवी बॉयलर-चालक चिमणीच्या तापमापीवरून नळ्या साफ करण्याची वेळ ओळखतात. पाण्याच्या बाजूला साचणाऱ्या क्षारांचा थर उष्णतेच्या दृष्टीने याहून कमी अडथळा करतो, पण तो अधिक धोकादायक असतो. काजळीने धातू थंड राहतो, क्षारांनी तो तापतो आणि नळी फुटू शकते.

रेल्वेची वाफेची इंजिने याच जातीची. स्टीफन्सन यांच्या १८२९ मधील ‘रॉकेट’ इंजिनात तांब्याच्या २५ नळ्या होत्या. एकाच मोठ्या नळीऐवजी तेवढ्याच एकूण छेदाच्या २५ नळ्या घेतल्या तर प्रत्येकीचा व्यास एक-पंचमांश होतो. एकूण पृष्ठभाग पाचपट होतो आणि गुणांकही सुमारे १.४ पट वाढतो. म्हणजे दर मीटर लांबीमागे उष्णता घेण्याची क्षमता जवळजवळ सातपट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीची इंजिने आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावरील वाफेची इंजिने अशाच अनेक नळ्यांच्या बॉयलरवर चालत.

रायगड जिल्ह्यातच उरण येथे महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र आहे. तिथे वायू टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूपासून वाफ करून आणखी वीज निर्माण करतात. पण अशा उष्णता-पुनर्प्राप्ती बॉयलरमध्ये पाणी नळ्यांत असते आणि वायू नळ्यांच्या बाहेरून, त्यांना आडवा वाहतो. त्यासाठी आडव्या प्रवाहाची वेगळी सूत्रे आहेत. उष्ण वायू आणि नळ्या दोन्ही दिसले म्हणून या लेखातील सूत्रे लावणे, ही नेहमीची चूक आहे.

इतिहास

प्रवाहाचे स्तरीय आणि संक्षुब्ध असे दोन प्रकार ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवले. त्याच दशकात लिओ ग्रेट्झ यांनी स्तरीय प्रवाहातील उष्णता संक्रमणाचे गणिती उत्तर काढले. वायूंवरील पायाभूत मोजमाप विल्हेल्म नुसेल्ट यांचे आहे. १९०९–१० च्या सुमारास त्यांनी नळीतून हवा, कार्बन डायऑक्साइड आणि दिव्याचा वायू सोडून गुणांक मोजले आणि १९१५ मध्ये परिमाणरहित अंकांची मांडणी पूर्णत्वास नेली. म्हणजे आज प्रत्येक द्रवासाठी वापरला जाणारा नुसेल्ट अंक मुळात वायूंवरील प्रयोगांतून आला आहे.

डिटस आणि बोल्टर यांचे काम १९३० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, मोटारींच्या रेडिएटरसंबंधी झाले. ०.०२३ हा सहगुणक असलेले आजचे रूप मात्र त्यांच्या मूळ लेखात नाही. ते मॅकॲडम्स यांच्या पाठ्यपुस्तकातून रूढ झाले. रशियन संशोधक पेटुखोव यांनी घर्षण गुणांकावर आधारित सूत्र मांडले. त्याचा पल्ला कमी रेनल्ड्स अंकांपर्यंत वाढवणारे ग्निलिन्स्की यांचे सूत्र १९७५–७६ मध्ये प्रसिद्ध झाले.